मिशीतून जाणारी हवा

आबा, गेल्या आठवड्यात पुन्हा मिरजेला जाऊन आलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून सरळ दवाखान्यापासूनच सांगतो. मला झोपेचा आजार आहे. हसू नका. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, जीव गुदमरला की मेंदू ढोसून उठवतो, परत डोळा लागतो, परत घसा मिटतो, रात्रभर हेच. आपल्याला वाटतं आपण छान झोपलो, आणि सकाळी अंग असं जड की रात्रभर उसाच्या मोळ्या वाहिल्यात. ह्यावर गोळी नाही. एक मशीन असतं, उशाशी ठेवायचं. त्याला पाइप, पाइपाला मास्क, आणि तो मास्क तोंडावर पट्ट्यांनी आवळून झोपायचं. मशीन हवा दाबून आत सोडत राहतं, घसा मिटू देत नाही. एवढंच. आणि ह्या एवढ्याशा गोष्टीनं दिवाळीपासून माझ्या नाकी नऊ आणलेत.

मी शाळेची बस चालवतो. चालवत होतो, असं म्हणायला पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीआधी एका सकाळी तासगावच्या रस्त्यानं पोरं घेऊन चाललो होतो, दोन्ही बाजूला द्राक्षबागा, मागं पोरांचं गाणं चाललेलं. गाणं मला ऐकू येत होतं, एवढं पक्कं आठवतं. मग पाठीत दणका बसला. पोरं सांभाळायला बसमध्ये एक मावशी असतात, त्यांनी मारला होता. "आवं, डोळं उघडा!" बस रस्ता सोडून बागेच्या तारांकडं निघाली होती. मी स्टेअरिंग ओढलं, गाडी थांबवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी म्हणालो, "मावशी, डोळे उघडेच होते माझे." आणि खरं सांगतो, मला तसंच वाटत होतं. मावशी म्हणाल्या, "मी आरशात बघत हुते न्हवं तुमच्याकडं. लय येळ मिटलं हुतं." त्यांनी शाळेत सांगितलं, बरोबरच केलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून किल्ली काढून घेतली. म्हणाल्या, "काका, तुमच्यावर राग नाही. पण लोक पोरं माझ्या भरवशावर सोडतात. जूनला शाळा उघडायच्या आत डॉक्टरांची चिठ्ठी आणा, हा माणूस गाडी चालवू शकतो म्हणून. नाहीतर मला दुसरा ड्रायव्हर कायम करावा लागेल." आता मे संपत आलाय. मला दुसरं काय येतं, आबा? तुम्ही दुसरं काही शिकवलंच नाहीत.

मशीन घरी आणलं त्या दिवशी वाटलं, सुटलो. कसलं काय. सुरुवातीला रोज सकाळी मास्क गादीखाली सापडायचा. झोपेत मीच काढून फेकत होतो आणि मलाच पत्ता नाही. मग नाकापुरता छोटा मास्क दिला, तर तोंड उघडं पडून सगळी हवा तोंडावाटे बाहेर, सकाळी जीभ चपलेच्या तळासारखी. मग तोंड मिटून राहावं म्हणून हनुवटीला बांधायचा पट्टा दिला. तो बांधून आरशात बघितलं तर दाढदुखीचा पेशंट. मग नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क. मशीनला पाण्याची टाकी असते, हवा ओलसर राहावी म्हणून. तिच्यात मी बोअरचं पाणी घातलं, टाकीला पांढरा थर बसला. मग बॅटरीचं पाणी घातलं, गाडीवाल्याच्या घरात ते असतंच. दवाखान्यात मशीनचं बघणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, ही हवा तुमच्या छातीत जाते, गाडीत नाही. औषधाच्या दुकानातलं शुद्ध पाणी घ्या." तेही केलं. मग त्या हवेनं नाक गळायला लागलं, म्हणून मी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून रोज खात राहिलो आणि दुपारी बसल्या जागी मान पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, त्या गोळीनंच झोप येते. म्हणजे झोप उडवायला मशीन लावलंय आणि वर झोप आणणारी गोळी मीच खातोय. ह्याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

आणि सल्ले. घरात पाऊल टाकलं की सल्ला. भात सोड. उत्तरेला डोकं करू नको. पहाटे उठून पळत जा. पळत कुठं जाऊ, मला चपला घालायचा कंटाळा येतोय. भावकीतला एक जण तर तोंडावर म्हणाला, "आजार बिजार काय न्हाई रं, अंगात आळस भरलाय. बापावर गेलायस." मला इतका राग आला की हातातला पेला आपटला. माझ्यासाठी नाही आला. तुमच्यासाठी आला.

कारण तुम्हाला सगळा गाव झोपाळूच म्हणायचा. तुम्ही जेवताना झोपायचा, आबा. मला आपलं स्वयंपाकघर दिसतंय. चुलीपुढं आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलेला, आणि हात तिथंच थांबलाय. डोळे मिटलेत. आम्ही भावंडं एकमेकांना कोपर मारून हसतोय. आई तव्यावर उलथनं आपटते, तुम्ही दचकून घास तोंडात घालता आणि तिच्यावरच ओरडता की मीठ कमी पडलंय. तुमचं घोरणं तर पार देवळाच्या पारापर्यंत ऐकू जायचं. आई अंथरूण घेऊन स्वयंपाकघरात झोपायची, आणि आम्हाला वाटायचं तुमच्या आवाजाला कंटाळून गेलीय.

गळिताच्या हंगामात तुम्ही ट्रकनं इस्लामपूरकडं ऊस वाहायचा. दहावीच्या निकालानंतरच्या हंगामात मला क्लीनर म्हणून शेजारी बसवलंत, तेव्हाची ती दुपार मी कुणाजवळ बोललो नाही. कॅबिनमध्ये उसाचा गोड वास, काचेतून ऊन, तुमच्या गळ्यात ओला पंचा. मी तुमच्याकडं बघत होतो. तुमचे डोळे हळूच मिटले, आणि गाडी रस्त्याकडेच्या चरीत उतरून तिरकी झाली. अर्धा ऊस खाली. मालक मोटारसायकलवरून आला, तुम्ही म्हणालात, "कुत्रं आडवं आलं." कुत्रं नव्हतं, आबा. मालक गेल्यावर मी विचारलं तर माझा दंड धरलात आणि म्हणालात, "डोळं मिटलं तरी गाडी माझ्या हातात असती. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. पुढं मला पहिल्यांदा गाडीवर पाठवताना तुम्ही लवंगांची एक छोटी डबी माझ्या खिशात घातलीत. झोप आली की दाताखाली धर म्हणालात. एवढी एकच गोष्ट तुम्ही मला स्वतःहून दिलीत. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, झोपेचं तुम्हाला कळत होतं की. मग घरात एकाला तरी सांगायचं.

तुम्ही गेलात तेही दुपारीच, अंगणातल्या बाजेवर. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, कुणाला त्रास दिला नाही. मी त्या सगळ्यांपुढं हात जोडून मान हलवली. आता डॉक्टरांना विचारलं, आबा ह्याच आजारानं गेले का, तर ते म्हणाले, तेव्हाचं आज खात्रीनं सांगता येणार नाही, पण असू शकतं. असू शकतं. हे दोन शब्द घेऊन मी मिरजेहून एसटीनं घरी आलो, आणि वाटेत मला कुणाचं पुण्य आठवलं नाही.

बरं, मशीनचं सांगत होतो. मोठा मास्क लावूनही काही फरक नाही. पट्टे एवढे आवळले की नाकावर जखम झाली. पुन्हा मिरज. मॅडमनी मशीनमधली माहिती कॉम्प्युटरवर लावली, सगळी लाल. "काका, निम्मी हवा बाहेरच जाते. तुम्हाला उपचार मिळतच नाहीत." मग त्यांनी मला तिथंच दिवसाउजेडी कॉटवर झोपवलं, मास्क लावला, मशीन सुरू केलं आणि कडेकडेनं बोट फिरवत नाकाच्या खाली आल्या. थांबल्या. बोटाकडं बघितलं. "तेल लावता?" मी म्हणालो, लावतो की, निजताना, मिशीला. तुम्ही लावायचा तसंच. आणि मला नीट झोप लागावी म्हणून आई वरून टाळूला आणि कपाळाला थापते ते वेगळं. त्या म्हणाल्या, "तेलानं मास्कचं रबर घसरतं आणि मिशीच्या केसांतून हवा निघून जाते. तेल बंद करा. आणि मिशी..." सहा महिने मी सगळ्या जगाला दोष देत होतो, मशीनला, लाईटला, डॉक्टरला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी म्हणालो, "मॅडम, आई हाय अजून." त्या इकडच्याच. त्यांनी परत विचारलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी नदीवर बसून मिशी दिली होती. आता ती पुन्हा एकदाच जायची, आईच्या वेळी. हे आपल्याकडं कुणी कुणाला समजावून सांगत नाही. आईला भीत भीत सांगितलं तर ती मेथी निवडत होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "मी मेल्यावर काढ म्हनावं त्यास्नी. थोडी कळ काढा म्हनावं." मग मी कातरीनं बारीक केली. हवा जातेच. मेण लावून दाबून बसवली. मॅडम फोनवर रागावल्या. शेवटी नाभिकाकडं गेलो. त्यानं टॉवेल झटकला, माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कवा झालं?" मी म्हणालो, काही झालं नाही, दवाखान्यासाठी काढायचीय. त्यानं वस्तरा खाली ठेवला. "म्हातारी जित्ती हाय न्हवं? मग मी न्हाई हात लावत, दादा. दाढी करतो पाहिजे तर." असा संताप आला. सगळ्यांना माझी मिशी पाहिजे, माझी झोप कुणाला नको. घरी येऊन न्हाणीत आरसा टांगला आणि माझ्या हातानं काढली. बायको बेदाण्याच्या शेडवर निवडायला गेली होती, संध्याकाळी येऊन तिनं मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसली की रडली, अजून सांगत नाही. आई माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची आणि तोंड फिरवायची.

तीनेक दिवसांनी धाकटे काका आले. तुमचे चुलतभाऊ हो, पलीकडच्या गावातले. त्यांना कुणीतरी स्टँडवर सांगितलं होतं की मी बिनमिशीचा फिरतोय. डोक्याला टॉवेल, हातात काठी, फाटकापासूनच गळा काढला, "वैनी गं, मला न भेटताच गेलीस गं..." आणि ओट्यावर वैनी शेंगा फोडत बसलेली. काका तिथंच थिजले. आईनं शेंग तोंडात टाकली, चावली आणि म्हणाली, "रड की. का थांबलास? मला बी ऐकू दे कोन कसं रडतंय." मग आत वळून म्हणाली, "चा टाक गं, लांबनं आलाय." काका चहाचा घोट घेतात, आईकडं बघतात, परत डोळे पुसतात. आई हसायला लागली. ते बघून काका हसले. मी दारात उभा, मला काही हसू येईना.

काका गेल्यावर ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "तुझं मशीन आल्यापास्नं मला झोप न्हाई." मी म्हणालो, त्याचा आवाज तर येत नाही. "त्येच की," ती म्हणाली. "तुझा बाप घोरायचा तवा मला गाढ झोप लागायची. घोरनं थांबलं की मला जाग यायची. मग मी सैपाकघरातनं उठून यायची, खांद्याला हलवायची, त्यो हुं करायचा, परत घोराय लागायचा. मग मी जाऊन निजायची. रोजचंच हुतं ते. त्या दिशी मी दळपाला गेलते." एवढं बोलून तिनं टरफलं सुपात भरली आणि उकिरड्यावर टाकायला गेली. मी तिच्या मागं गेलो नाही. तुम्हाला हे माहीत होतं का, आबा? रोज कुणीतरी येऊन तुम्हाला परत आणतंय, आणि सकाळी तुम्ही तिच्यावर मिठावरून ओरडताय. मला तुमचा राग येतो. तुम्ही आजारी होता आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे कळूनही येतो.

मिशी गेल्यावर मशीन लागू पडलं. एक दिवस जाग आली तेव्हा डोकं दुखत नव्हतं. मला आधी कळेना काय वेगळं वाटतंय. अंगणात गेलो, तोंड धुतलं, लिंबावरचे पक्षी ऐकू आले, चहाची वाट बघायची गरज वाटली नाही. चालताना पाय आपोआप पडत होते. बायकोनं काहीतरी विचारलं आणि मी चिडलो नाही, तर तिनंच दोनदा माझ्याकडं बघितलं. आणि मी तिथंच अंगणातल्या दगडावर बसून रडलो. मोठा बाप्या माणूस, बिनमिशीचा. लोकांना रोज सकाळी असं वाटतं, आबा. सगळ्यांना. आणि तुम्हाला उभ्या जन्मात अशी एक सकाळ मिळाली नाही. तुम्ही त्या जड डोक्यानं उठला, ऊस ओढला, आम्हाला वाढवलं, आणि आम्ही तुम्हाला तापट म्हणालो, झोपाळू म्हणालो.

गेल्या आठवड्यात मॅडमच्या कॉम्प्युटरवर सगळं हिरवं होतं. मला वाटलं, आता चिठ्ठी. डॉक्टरांनी ती लिहिली, पण सही केली नाही. म्हणाले, "मशीन चांगलं चाललंय. पण काही जणांची दिवसाची झोप लगेच जात नाही, वेळ लागतो. घरी रोज दुपारी, जेवण झाल्यावर, उकाड्यात, एका जागी बसून काहीतरी कंटाळवाणं काम करा. जागे राहता का बघा. आठवड्यानं या आणि मला खरं सांगा, मग सही." म्हणून मी रोज दुपारी जेवून ओट्यावर बसतो. पेपर वाचला, लसूण सोलला, दोन्ही दिवस जागा होतो. काल एसटीच्या वेळा पाठ केल्या, जागा होतो. आज काय करावं सुचेना तेव्हा नातवाची वही घेतली आणि तुम्हाला लिहायला बसलो. तेव्हा आठवणीनं व्याकूळ होऊन वगैरे लिहितोय असं काही समजू नका. जागं राहायला लिहितोय.

आणि वर जिथं नदीवर मिशी दिल्याचं लिहिलंय, तिथं एक ओळ घसरत पार खालपर्यंत गेलीय. मला तर वाटत होतं मी लिहितच होतो. आई समोर बसलीय, तिला विचारलं, मी झोपलो होतो का गं? ती म्हणाली, "व्हय. पेन पडलं तवा उठलास."

मग मी शाळेच्या बाईंना फोन केला. त्यांनी आपणच विचारलं, "काका, झोपेचं काय म्हणताय?" मी म्हणालो, "अजून येते, बाई. जूनला दुसरा माणूस बघा." त्या म्हणाल्या, "बरं." दिवाळीनंतर बघू, असंही म्हणाल्या, पण ते आपलं माणूस म्हणतं तसं. मॅडमना उद्या सगळं सांगेन, अजून काय बदलायचं राहिलंय ते त्या बघतील. काढण्यासारखं माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही.

हे पत्र कुठं पाठवणार, वहीतच राहील. पण तुम्हाला वाटेल पोरगं आपल्यापेक्षा खरं निघालं, तर तसं नाही. फोन मी माझ्या मनानं केला नाही, आबा. घसरलेली ओळ बघून मी वही मिटणार होतो आणि डॉक्टरांना जागा होतो म्हणून सांगणार होतो. आई उठली, आतून फोन आणून माझ्या मांडीवर ठेवला, आणि मी तो लावेपर्यंत समोरून हलली नाही.